शनिवारची गाडी

अण्णा, आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. गाडीतला चहाचा कागदी कप आता एवढा लहान झाला आहे की चहा प्यायलो असं म्हणवत नाही, आचमन केलं असंच म्हणावं लागतं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः असे तीन कप घेतले तरी घसा कोरडाच. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्यासाठी कोणी बापाला पत्र लिहीत नाही, हे मलाही कळतं. पण जे सांगायचं आहे ते घरात कोणाला सांगण्याची हिंमत होत नाही, म्हणून चहापासून सुरुवात केली.

तुमच्या नातीने विमान सोडलं आहे. लोक मटण सोडतात, तंबाखू सोडतात, तसं. विमानाच्या धुराने हवा कशी तापते हे तिने मला जेवताना समजावलं आणि म्हणाली, "बाबा, यंदा सिमल्याला आपण तिघं गाडीनेच जायचं. जास्त दिवस लागले तर लागू देत. गाड्या तुम्ही ठरवा." मी किती फुगलो म्हणून सांगू! संस्कृतच्या मास्तराला या घरात पहिल्यांदाच काही उपयोगाचं काम मिळालं होतं. सांगलीत, विश्रामबागेतल्या घरच्या या टेबलावर कागद पसरून मी इथून दिल्ली, दिल्ली ते कालका आणि तिथून डोंगरातली छोटी गाडी असं सगळं जुळवलं. तुमची सून लांबून पाहत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिने आजवर तिकीट वाचलेलं नाही. "तुम्ही आहात ना," म्हणते आणि पिशवी उचलून माझ्यामागे चालू लागते.

सांगलीहून गाडी रात्री बारा चाळीसची, तिकीट शनिवारचं. शनिवारी सकाळी ही दशम्या लाटते आहे, मी बॅगेच्या कुलपाशी झगडतो आहे, आदल्या दिवशी पुण्याहून आलेली मुलगी फोनवर आपला डबा कुठला ते पाहते आहे. पाहता पाहता ती थांबते. "बाबा, ही गाडी गेली. रात्रीच गेली."

मला तुम्ही आठवलात. कोरेगावचं स्वयंपाकघर, मी नऊ वर्षांचा, अशीच शनिवारची सकाळ, आणि स्टेशनवरचा पोर्टर दारात उभा: "आवं मास्तर, तुमी हितंच व्हय? तुमची गाडी रातीच गेली की!" तुम्ही शांतपणे खुंटीवरचं पंचांग काढलंत. "अरे, तिकीट शनिवारचं आणि शनिवार आत्ता कुठे लागलाय. वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही." पोर्टर म्हणाला, "खरं हाय तुमचं. पर त्ये गाडीला कुनी सांगितलं न्हाई बगा." आईने तोंडाला पदर लावला. मी फिदीफिदी हसलो तसे माझ्यावर खेकसलात, "दात काय काढतोस? वार कधी बदलतो, सांग!" मी घाबरून "सूर्योदयाला" म्हणालो आणि मग तुम्हालाच हसू आवरेना.

घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मीही बॅग खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणालो, "वार सूर्योदयाला बदलतो." मुलगी खो खो हसत सुटली. "आजोबांवर गेलात तुम्ही!" ही म्हणाली, "घराण्याचाच शनिवार तो. बसा आता दशम्या खात." नंतर मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, या वेळी विमानाने जाऊ या का? एकदा चालेल मला." उत्तर स्वयंपाकघरातून हिनेच दिलं, "नको गं, ह्यांनी किती मनापासून ठरवलंय." पुढच्या महिन्याची तिकिटं पुन्हा काढली.

अण्णा, मी पंचांगाचा विचार केलाच नव्हता. शुक्रवारी दुपारी ते तिकीट समोर ठेवून बसलो होतो. तारीख दिसत होती, वेळ दिसत होती, आणि दोन्ही मिळून काय होतं ते कळत नव्हतं. श्लोकातला एकेक शब्द ओळखीचा असावा आणि अन्वय लागू नये, तसं. पंचवीस वर्षं मी पोरांना अन्वय शिकवतो आहे! शेवटी तिकीट खणात टाकलं आणि हिला सांगितलं, "उद्या रात्री निघायचं."

त्याआधी कोरेगावला लग्नाला गेलो होतो. परतताना त्याच फलाटावर, जिथे माझं बालपण गेलं, सांगली कुठल्या बाजूला ते मला उमगेना. गाडी आली तेव्हा एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, सांगलीचीच हाय. चढा की बिगीबिगी." मी चढलो आणि सांगली मागे पडून मिरज येईपर्यंत बसून राहिलो. घरी सांगितलं, डुलकी लागली.

आता रोज कॉलेजातून आलो की सगळा प्रवास नव्याने कागदावर लिहून काढतो. दुसऱ्या दिवशी तो कागद कोणा परक्याने लिहिल्यासारखा वाटतो. दिल्लीत एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जायचं आहे, हातात तीन तास. डॉक्टरकडे गेलेलो नाही. ते काय म्हणतील याचा अंदाज आहे, म्हणूनच गेलेलो नाही. हे पत्र हिच्या हाती पडण्याआधी फाडून टाकीन.

मुलीला वाटतं, मला गाडी चुकल्याचं वाईट वाटलं. मला भीती वाटते ती गाडी मिळण्याची. एखाद्या अनोळखी फलाटावर मी हिला उतरवीन, ही पिशवी घेऊन माझ्यामागे उभी राहील, आणि कुठे जायला निघालो होतो ते मला सांगता येणार नाही.