मेमरीतला बायोडाटा

३ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या मयूरीनं दुकानातल्या कॉम्प्युटरात नवीन प्रोग्राम टाकला. पोट्टीनं स्वतःच लिहिला म्हणे, पायथनमध्ये. लग्नाचा बायोडाटा, विकणे आहे, हरवला आहे, काहीबी टाईप करा, सरळ प्रिंटरमधून कागद निघते. चांगलं आहे. पण कॉम्प्युटरात काहीच उरत नाही. मी सगळे फोल्डर उघडून पाह्यले. रिकामे.

विचारलं, काऊन? तर म्हणे मुद्दाम केलं. लोकाच्या पोरींची माहिती आपल्याकडं राहू नये.

हा टोमणा मले होता. उन्हाळ्यात प्रयागबाईच्या पोरीचा बायोडाटा आपल्याच दुकानात छापला. तो मी मागून सावकाश वाचला अन् आपल्या पंकजसाठी मागणी घालायले त्यांच्या घरी गेली. बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रयागबाई दुकानासमोर येऊन अशी बोलली की हायवेवरचे ट्रकवाले काच खाली करून ऐकत होते. एवढं काय त्यात. बायोडाटा वाचायसाठीच असते.

पंकज बत्तीसचा झाला. पंप, मोटार, ट्रॅक्टर, गावातलं सगळं चालू करून देते, फक्त स्वतःचं सोडून. पोरीवाल्यांले नोकरीवालाच पाह्यजे. सगळ्या गुडीहत्नूरचे बायोडाटे आपल्या प्रिंटरमधून जातात अन् आपल्याच घरात सून नाही.

ठरवलं: या लग्नसराईत पंकजचं उरकायचं. ठरवलं: मयूरीचा प्रोग्राम आठ दिवसात शिकायचा. चौथी झाली आहे माझी. कमी नाही.

५ नोव्हेंबर
प्रोग्राम समजला. आठ दिवस लागले नाहीत.

खरी फाईल डिस्कवर असते, म्हणून ती राहते. मयूरीची फाईल नुसती मेमरीत असते. पण वागते फाईलसारखीच. तिच्यात लिहिता येते, तिच्यातून वाचता येते, प्रिंटरले वाटते खरीच आहे. काम झालं की प्रोग्राम तिले क्लोज करते, मग ती नसतेच. मयूरी म्हणे, पाटीवर लिहिलं, दाखवलं, पाटी फेकून दिली. पुढच्या गिऱ्हाइकाले नवी पाटी.

म्हणजे नुसतं सोंग. बायोडाट्यात पोरांचे बाप करतात तेच. समजायले काय कठीण आहे.

मी विचारलं, अन् पाटी फेकलीच नाही तर? ती माझ्याकडं पाहत राह्यली. म्हणे आई, तू काय करून राह्यली? म्हटलं, शिकून राह्यली.

७ नोव्हेंबर
बाजारहत्नूरचे लक्ष्मणराव आले होते, पोरीचा बायोडाटा छापायले. पोरगी नीलिमा, दवाखान्यात नर्स आहे. सोबतच होती. प्रिंटरात कागद अडकला. मयूरी उठायच्या आत नीलिमानं झाकण उघडून काढला, अन् बापाले म्हणे, बाबा, तुमी बाजूला व्हा, उजेड अडवून राह्यले.

मले आवडली. घरात असं बोलणारं आणखी एक माणूस पाह्यजे, म्हणजे मले जरा आराम.

वाचायले मान लांब केली तर मयूरी मधात येऊन उभी राह्यली. कागद त्यांच्या हातात, फाईल क्लोज. गेली पाटी.

ठरवलं: नीलिमाच. दुसरी पाहायचीच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मयूरी आठवडाभर मंचेरियलले गेली, मावशीकडं. तिथं परीक्षेचा क्लास आहे. जाताना तीनदा म्हणाली, प्रोग्रामले हात लावू नको.

हात नाही लावला. एक खूण टाकली. मागं तिनंच दाखवलं होतं, ओळीच्या आधी ते जाळीसारखं हॅश टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. आता क्लोज हा शब्द मले येते. जेवणाच्या टायमाले बँकेच्या दारावर तोच लटकून असते. शोधला, खूण टाकली. आता पाटी फेकल्या जाणार नाही.

लोक उगाच मयूरीले हुशार म्हणतात.

१० नोव्हेंबर
एकाचा बैल हरवला, त्याचं छापलं. तो गेल्यावर प्रोग्राममधलं वाचायचं बटण दाबलं. कोरं. परत दाबलं. कोरं.

मयूरीले फोन केला. म्हटलं, इथं एक बाई विचारून राह्यली. ती म्हणे, कोणती बाई? म्हटलं, आहे एक, घाईत आहे. मग तिनं सांगितलं. लिहिता लिहिता कॉम्प्युटरचं बोट शेवटच्या अक्षराच्या पुढं जाऊन उभं राहते. तिथून वाचायले गेलं तर पुढं काहीच नाही. आधी बोट पहिल्या अक्षरावर आणायचं. म्हणे त्या बाईले सांग, वाचायच्या आधी सीक लिही, कंसात शून्य.

लिहिलं. बैल आला, शिंगासकट.

हे मले आधीपासून माहीत होतं. प्रयागबाईले मधातच विचारा, तुमचा धाकटा दीर काय करते. सांगता येत नाही. थोरल्यापासूनच सुरू करते.

११ नोव्हेंबर
नशीब असावं तर असं. नीलिमा एकटीच परत आली. बापानं बायोडाट्यात उंची दोन इंच वाढवून सांगितली होती, ते तिले चालत नाही म्हणे. सगळा नव्यानं टाईप केला, छापला, गेली.

फाईल मेमरीत होती! बटण दाबलं. पडद्यावर सगळं आलं. पण अक्षर बारीक अन् माझा चष्मा घरी. घर मागच्या गल्लीतच आहे. दुकान बंद करून गेली अन् चष्मा घेऊन आली.

कॉम्प्युटर काळा. चालू केला तर फाईल नाही.

आपल्याकडं नियम आहे, दुकानातून पाय बाहेर पडला की मेन बंद. नियम माझाच आहे. बिल कमी येते. बॅटरीचा डबा होता, तो जागा अडवते म्हणून मीच मागं काढून टाकला होता. मेमरी करंटवर जगते हे मयूरीनं सांगायले पाह्यजे होतं. सांगितलं असेल तर मोठ्यानं सांगायले पाह्यजे होतं.

१२ नोव्हेंबर
नीट विचार केला. तिचा बायोडाटा पाह्यजेच कशाले? आपला तिच्याकडं गेला पाह्यजे.

सकाळी केशवराव आले होते, जुना ट्रॅक्टर विकायचा आहे म्हणून. माणूस फारच इमानदार. ट्रॅक्टरचं एकूण एक दुखणं टाईप करायले लावलं. पानभर झालं. ते गेले तसा मी पंकजचा बायोडाटा बसवला. नाव, आयटीआय, शेती, उंची. स्वभाव लिहितानी थांबली. पोरगा बोलतच नाही, लिहिणार काय? शांत, असं लिहिलं.

करंट जायची वेळ झाली होती म्हणून न वाचताच प्रिंट काढल्या. चष्माबी घरीच. पण पान खालपर्यंत भरलेलं दिसलं. मी तर चार ओळी लिहिल्या होत्या. प्रोग्रामच बाकीचं चांगलं चांगलं भरून देते वाटते. मयूरीले मानलं.

१४ नोव्हेंबर
बाजारहत्नूरले जाऊन लक्ष्मणरावच्या हातात कागद देऊन आली. तिथं वाचू दिला नाही. घरी सावकाश वाचा म्हटलं.

संध्याकाळी फोन. रविवारी येतो म्हणे, पोरगीबी येते. पोरीनं दोनदा वाचला, सगळं घर हसत होतं.

म्हणजे घरात आनंद आहे.

पंकजले सांगितलं, रविवारी नवा शर्ट घालायचा. नाही म्हणे. ग्रीस लागते.

१६ नोव्हेंबर, रविवार
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

आले. पोहे दिले. लक्ष्मणराव म्हणे, "मनकर्णाबाई, पोरीसाठी लय बायोडाटे पाह्यले. पण असा नाही पाह्यला."

मी म्हटलं, आमच्या घरी खोटं चालत नाही.

"ते दिसलंच," म्हणाले, अन् खिशातून कागद काढून सगळ्यांसमोर वाचला. "शिक्षण आयटीआय. उंची पाच फूट सात. स्वभाव शांत. यर घासलेले आहेत. थंडीत ढकलल्याशिवाय चालू होत नाही. चालू झाला की धूर काढते, पण ओझं ओढते. एकदा खोलून बसवलेला आहे. आजपर्यंत एकच मालक. चालवून पाहूनच सौदा करावा."

मग आमचे हे, चंपतराव, जे दिवसभरात एकच वाक्य खर्च करतात, ते म्हणाले, "ढकलल्याशिवाय चालू होत नाही, हे खरं आहे."

मी त्यांच्याकडं पाह्यलं. त्यांनी पोह्यांकडं पाह्यलं.

नीलिमानं मले विचारलं, "थंडीत ढकलते कोण? तुमीच का?"

मी म्हटलं हा कॉम्प्युटरचा घोळ आहे, दुकानात करंटचा काही भरवसा नाही. अन् तेवढ्यात पंकज बोलला. आपण होऊन. पाहुण्यांसमोर. म्हणे, "हा केशवकाकाचा ट्रॅक्टर आहे. टायर मागचेच घासले, पुढचे बरे आहेत. क्लच मीच बसवला."

बोलायचंच होतं तर स्वतःबद्दल बोलायचं. ट्रॅक्टरचे गुण सांगत बसला. लक्ष्मणरावले नेमका जुना ट्रॅक्टर पाह्यजे होता. उठले सगळे. नीलिमाबी उठली. केशवरावकडं गेले, तिथंच दिवस मावळला. चहा तिकडंच झाला.

पोहे राह्यले. आमच्या ह्यांनी खाल्ले.

१७ नोव्हेंबर
मयूरी आली. तिनं माझी खूण पाह्यली अन् खुर्चीवर बसून पोट धरून हसली. मग समजावलं. जुनी पाटी फेकली नाही, म्हणून प्रोग्रामनं तिच्यावरच पहिल्या अक्षरापासून लिहिलं. पंकजचं होतं तोकडं, केशवरावचं लांब. जेवढं झाकल्या गेलं तेवढं झाकलं, बाकीचं शेपूट तसंच राह्यलं. "टायर" मधला "टा" तेवढा तुझ्या पोरानं खाल्ला, म्हणे.

मी म्हटलं, मग आधी पुसून घ्यायची अक्कल प्रोग्रामले नको का? ती म्हणे, म्हणूनच क्लोज लिहिलं होतं.

तिची चूक तिनं कबूल केली नाही.

२१ नोव्हेंबर
ट्रॅक्टर विकल्या गेला. लक्ष्मणरावनंच घेतला. केशवराव पेढे घेऊन दुकानात आले. म्हणे, तुमच्या छपाईत गुण आहे, एका भेटीत जमलं.

पोरीबद्दल लक्ष्मणरावचा एक शब्द नाही. मी दोनदा फोन केला, दोनदाबी ट्रॅक्टरबद्दलच बोलले.

ट्रॅक्टर गेला. पंकज घरीच आहे.

२६ नोव्हेंबर
घरीबी नाही. तो ट्रॅक्टर बाजारहत्नूरले गेल्यापासून रोज बंद पडते. नीलिमाचा फोन येते, हा लगेच गाडी काढते. ट्रॅक्टर इथं होता तोपर्यंत केशवरावले महिन्यातून एकदा त्रास द्यायचा. त्या लोकांले वस्तू वापरता येत नाही. बरंच झालं नातं जुळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
ठरवलं: नीलिमाचा विचार मनातून काढायचा. उद्यापासून नव्यानं पोरी पाहायच्या. मयूरीले सांगितलं तर परत हसली. आजकाल तिले काहीबी हसायले येते.

पंकज सकाळीच ट्रॅक्टर दुरुस्तीले गेला, अन् तोच नवा शर्ट घालून. मी ओरडली, काढ तो, ग्रीस लागलं तर धुवायले मी आहेच. ऐकलं नाही.

दिवे लागल्यावर आला. जेवणार नाही, पोट भरलं म्हणे. शर्ट काढून दिला तो मी बाह्या, कॉलर, खिसा, सगळं उलटंपालटं करून पाह्यलं. एक डाग नाही.

म्हणजे तिथं जाऊन कामच करत नाही पोट्टा. उद्या झापते त्याले.