कर्ण्यावरचा आवाज

६ जाने. १९५७
सायकलची चेन तुटली. कारखान्यातून येताना चिंचवडला कासीमभाईकडे टाकली. तो माझ्याच रत्नागिरीकडचा, म्हणून चहा ठरलेला. मी आरमारात होतो हे त्याला ठाऊक. आज म्हणाला, "साळवीदादा, माजा भाऊ येतोय कराचीसून. पंधरा दिसांचा व्हिसा मिळाला."
हा भाऊ, हसन, कराचीच्या गोदीत कामाला होता. फाळणीच्या दुसऱ्या वर्षी बायको-मुलीला घेऊन मचव्याने परत निघाला. परवाना नाही. कच्छच्या समुद्रात गस्तीच्या बोटीने अडवून माघारी धाडला.
चहा तसाच ठेवून उठलो.

८ जाने.
लिहूनच टाकतो. मालतीलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.
मी तेव्हा गस्तीच्या बोटीवर होतो. आमच्या साहेबाला मराठी येत नसे. कोकणी माणसांचा मचवा असला की कर्णा माझ्या हातात. हुकूम दोन. परवाना नसेल तर परत पाठवायचं. पाणी संपलं असेल किंवा कुणी आजारी असेल तर बंदरात ओढून आणायचं.
त्या दिवशी अडवलेल्या मचव्यावरून एक जण ओरडला, "दादानू, पानी संपला! पोरगी तापान फनफनलीय!"
साहेबाने विचारलं, काय म्हणतो?
मी म्हणालो, काही नाही साहेब, शिव्या देतोय. पाणी आहे त्यांच्याकडे.
दुसऱ्या दिवसापासून माझी रजा होती. लग्न ठरलेलं. मचवा ओढत बसलो असतो तर मुहूर्त टळला असता.
तेच हे लग्न. मालती आत भाकऱ्या थापते आहे.
मचवे काय थोडे अडवले? हसनचा तोच कशावरून?

११ जाने.
तोच. सायकल आणायला गेलो तर कासीमभाईने जुनं पत्र काढून वाचून दाखवलं. पाणी संपलेलं, मुलगी तापाने परतीच्या वाटेत गेली. पाच वर्षांची. पुढे हसन लिहितो, कर्ण्यावर आपल्याच बोलीत बोलणारा एक जण होता. बिचाऱ्याने साहेबाला सांगितलं असणार, साहेबानेच ऐकलं नसेल.
"तेच्यासाठी भाऊ अजून दुवा मागतो," कासीमभाई म्हणाला. "तुमी वळकता का कुनी तसा?"
"नाही," म्हणालो. किती पटकन म्हणालो!
हसनने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ जाने.
हसन आला. कासीमभाईने आम्हा घरच्यांना जेवायला बोलावलं. नाही कसं म्हणणार? गळ्याला मफलर गुंडाळला, घसा बसल्याची खूण केली. मालती म्हणाली, "अहो, सकाळी तर दूधवाल्यावर ओरडत होतात!" तिथे मात्र गप्प राहिली. नवऱ्याची लाज राखली बाईने.
हसन माझ्याच वयाचा, केस पांढरे. माझी मुलगी सुमी त्याच्या मांडीवर जाऊन बसली. "किती वर्साची?" त्याने विचारलं. मी सात बोटं दाखवली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग उठून आत गेला, माझ्यासाठी कोमट पाणी घेऊन आला. "घ्या दादा, घशाला बरा वाटंल."
प्यायलो. सगळं प्यायलो. थूः माझ्या जिण्यावर.

१७ जाने.
मालतीला सांगितलं. ती म्हणाली, "मुहूर्त काय, पुढचा मिळाला असता." परत पोळपाटाकडे वळली.

१९ जाने.
हसन उद्या रत्नागिरीला जाणार, तिथूनच परत. आज सायकल घेऊन दुकानापर्यंत गेलो, लांबूनच फिरलो. तो बाकावर बसून कुठल्याशा चाकाची तार आवळत होता. दोनदा गेलो, दोनदा फिरलो.
घरी येऊन मागच्या चाकाची हवा मीच सोडली. आता न्यावीच लागेल.
मफलर खुंटीला टांगला होता. मालतीने तो काढून पेटीत ठेवला, कुलूप लावलं, आणि सायकल स्वतः दाराबाहेर काढून उभी राहिली आहे.