काठाला भोकं नव्हती

निपाणी, १४ नोव्हेंबर २०२५

अंजनी आक्कास,

अमृतचा नमस्कार. तू, दाजी आणि राणी बरे असाल. मीही बरा. फोन तू उचलत न्हाईस, म्हणून कागद घेतला. सूत पोचवणारा रवळू उद्या तुमच्या वडगावला येतोय, त्याच्याकडं देतो.

परवापासून तवंदी घाटावर तंबू ठोकलाय. सकाळी धुक्यात ट्रक नुसते ऐकू येतात, दिसत न्हाईत. एक म्हातारा म्हशी घेऊन आलता. तंबूला हात लावून म्हणाला, "ह्यात झोपतोस? घर न्हाय व्हय रं तुला?" लई हसलो. पण विषय भलतीकडंच गेला.

तुझ्या शेजारच्या जयाबाई इथं स्टँडवर भेटल्या. कॅम्पातल्या तुझ्या गिऱ्हाईक बाईंनी लग्नाच्या सहा साड्यांचं काम तुझ्याकडनं काढून घेतलं, म्हणाल्या. बाईंनी म्हणे माझा ब्लॉग मोबाइलवर तुझ्यापुढं धरला : "तुमचा भाऊच लिहितोय, ही कंपनीची साडीपण हातमागाची. मग तुमचीच एवढी महाग कशी?" आणि तू त्यांना चहा केलास.

आक्का, मला तरी काय माहीत? कंपनीच्या रचना मॅडमनी साडी पाठवली, पाकिटावर 'हातमाग' छापलेलं. मी बूट, बॅटऱ्या, थर्मास, कशाकशावर लिहितो. प्रत्येकाच्या पोटात शिरून बघता येतंय व्हय?

चहा पिऊन आलो. वरचा परिच्छेद खोटा आहे. खोडत न्हाय, राहू दे.

मागाशेजारच्या झोळीत वाढलेलं पोर मी. पाकीट फोडल्यावर पहिला हात काठावरच गेला. मागावर कापड ताणून धरायच्या काठीच्या सुयांची बारीक भोकं तुझ्या प्रत्येक साडीच्या दोन्ही काठांना असतात. तिथं एकही नव्हतं, म्हणजे हातमागाची न्हवंच. मॅडमना फोन केला, तर त्या हसल्या. "अमृत, वाचणाऱ्याला कुठं कळतंय ते? तंबू आवडला ना?"

तंबू आणि जॅकेट मॅडमकडनं साडीच्या आधीच आलतं. फुकट. मला हिमालयात जायचं होतं. मी लिहिलं, 'स्वतः उलटून पाहिली, अस्सल हातमाग.' तंबूचं लिहिलंच न्हाय.

अजून एक. त्या लेखात मागावरच्या हातांचा फोटो आहे ना, ते तुझे हात. गणपतीला आलतो तेव्हा काढलेला. तुझ्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग मी मोबाइलवर पुसून टाकला, तू ओळखू नयेस म्हणून. म्हणजे बघ, मला सगळं कळत होतं.

आज त्या लेखाच्या जागी खरं लिहिलं. काय फुकट घेतलं, काठ कसा होता, हात कुणाचे होते. फोटो डागासकट लावलाय, तुला न विचारता. काढ म्हणालीस तर काढतो. मॅडम म्हणाल्या, आता तुला कुठलीच कंपनी विचारणार न्हाय. न्हाय विचारली तर न्हाय.

सोमवारी कॅम्पात जाऊन बाईंना तोंडावर सांगणार आहे. काम परत मिळेलच असं न्हाय. तू येऊ नकोस, तुला तिथं मान खाली घालायला लावायची न्हाय. घरी येऊ का, हे विचारायचं धाडस न्हाय. रवळूकडं 'ये' एवढं जरी सांगितलंस तरी पुरे.

दाजींना हे पत्र वाचून दाखव. लपवू नकोस.

ज्याच्या शब्दावर तुझं गिऱ्हाईक गेलं, तो तुझा धाकटा,
अमृत