पलीकडच्या काठावरच्या केळी

पुणतांबा, बुधवार, १७ फेब्रुवारी १९७१

बोलणं माझं, अक्षर नातीचं. पोरी, सांगते तसंच लिही, आणि हसू नको.

लग्नानंतर ह्यांनी मला मुंबईला नेऊन समुद्र दाखवला, असं मी चाळीस वर्षं घाटावर धुणं धुताना सांगत आले. समुद्राच्या पलीकडच्या काठावर केळीच्या बागा आहेत, हेही. सगळं खोटं. मी कोपरगावापुढं गेलेच नव्हते. आणि परवा यसू न् हलीमा, माझ्या घाटावरच्या मैत्रिणी, मला खरंच मुंबईला घेऊन गेल्या. एस.टी.त माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता उघडी पडणार!

चौपाटीवर पाणी, पाणी, आणि मग आभाळच. काठ कुठाय? आपल्या गोदागंगेला आहे तसा असेलच, असं मी धरून चालले होते.

यसू म्हणाली, "आक्के, केळी दिसंनात गं?"

"बये, मी हितं कदी आलेच न्हाई," एकदाची बोलले.

हलीमा हसता हसता ओल्या वाळूत बसलीच. "आमाला ठावं हाय! तुज्या मालकास्नी गाडी लागायची. ते नगरला बी कदी गेले न्हाईत."

"मग इतकी वर्षं गप का ऱ्हायलात?"

"तू बोलाय लागलीस की धुनं पटकन उरकायचं."

मग तिघी हात धरून पाण्यात शिरलो. लुगडी भिजली, पोट दुखेस्तोवर हसलो.

आज घाटावर गावातल्या सुनांना पहिल्यांदा खरं सांगितलं. लाट मागं जाताना पायाखालची वाळू काढून नेते, उभं माणूस खाली जातं.

"आजी," एकजण म्हणाली, "किती थापा मारता!"