घरी जायची तालीम

अप्पा, मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी जेलमध्ये जाते. घाबरू नका, संध्याकाळी सोडतात. तुमच्या वेळचं गुलबर्गा आता कलबुर्गी झालंय. तिथल्या जेलच्या स्वयंपाकघराला लागून एक लांबट खोली आहे, तिच्यात मी शिकवते. ज्यांची शिक्षा संपत आलीय त्यांना बाहेर गेल्यावर हाताला काम मिळावं, म्हणून आचाऱ्याचं काम. पंगतीच्या वरणाचा अंदाज कसा घ्यायचा, कडक भाकरी पातळ कशी थापायची, शेंगाच्या चटणीला कूट किती जाडसर ठेवायचं. आयुष्यभर केटरिंग कॉलेजातल्या पोरांना हेच शिकवलं. निवृत्त झाल्यावर जेलमधून विचारणा आली तेव्हा घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. का, ते तुम्हाला सांगायला नको.

मादन हिप्परग्याच्या स्टँडसमोरच्या आपल्या हॉटेलात तुम्ही एका माणसाला भज्यांच्या कढईवर आणून बसवलंत, तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी शाळेतून आलेय, दप्तर बाकावर टाकलंय. तो उंच, सावळा माणूस मान खाली घालून मिरच्यांना चिरा पाडतोय. जेलमधून सुटून आलाय, ही बातमी त्याच्या आधीच स्टँडवर पोचलेली. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहते आणि विचारते, "अण्णा, जेलात तुमाला मारत हुते का?" त्याचा हात थांबतो. तुम्ही चहा गाळत होतात. गाळणं तसंच हातात धरून म्हणालात, "पोरी, त्याला जेलचं कामून इचारायलीस? भजी कशी झालीत ते इचार." मी एक खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं. "लई तिखट हायत," मी म्हणाले. "मग ठिव तिथं," तुम्ही म्हणालात. "न्हाई, आनिक एक पायजे." तेव्हा तो माणूस पहिल्यांदा हसला.

गिऱ्हाईक मात्र काही दिवस तुटलं. चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेऊन रोज तासभर बसणारे लोक समोरच्या टपरीवर जाऊन बसले. तुम्ही रागावला नाहीत. दारातल्या बाकावर बसून सगळ्यांना दिसेल असं, चवीचवीनं भजी खात राहिलात. एक म्हातारे पाटील रस्त्यातूनच ओरडले, "जेलातला मानूस आनून बसवलास व्हय रे?" तुम्ही म्हणालात, "व्हय, बसवलो. तुमच्यासाटी दोन गरम काढायला सांगू का?" ते तणतणत गेले, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गुपचूप येऊन बसले.

आता माझ्या वर्गातली गोष्ट. भालकीजवळच्या मेहकरचा एक माणूस होता, पन्नाशीच्या पुढचा. शेताच्या बांधावरून भांडण झालं, याच्या काठीनं शेजारचा माणूस मेला. हे तो स्वतःच सांगायचा, कुठलीही सबब न जोडता. कितीतरी वर्षं आत काढलेली, हाताला चव चांगली, शिव्या त्याहून चांगल्या. चांगल्या वागणुकीमुळं त्याची सुटका लवकर होणार असल्याचा हुकूम आला. सगळ्यांनी त्याला उचलून नाचवलं. पुढच्या वर्गाला आला तो पीठ समोर घेऊन नुसता बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्या जाईना, म्याडम."

"कामून?"

"बाहीर मला कोन वळखतंय? हितं भाकर करपली तरी लोक नाव घिऊन शिव्या देतेत."

सगळे हसले. तो हसला नाही. बाहेरच्या गोष्टींची तालीम आम्ही तशीही करायचो. कुणी कंडक्टर व्हायचा, कुणी फोनवरून पैसे घेणारा दुकानदार, मी काम देणारी मालकीण. पण घरी जायची तालीम कधी केली नव्हती. मी म्हणाले, आज तुम्ही घरी जायचं. औरादकडचा एक लॉरी ड्रायव्हर होता, भरघोस मिशांचा. त्यानं डोक्यावर टॉवेल घेतला आणि बायको झाला. दोघांनी मोठी परात उभी धरली, ते दार. मेहकरकरानं परातीवर टकटक केलं.

"कोन हाय?" मिशांच्या आतून बारीक आवाज आला. यानं पुन्हा टकटक केलं.

"कोन हाय म्हनते मी! गॅसवाला आसशील तर उद्या ये!"

खोली हसून लोळायला लागली. दारावरचा शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून उभा. हा मात्र परातीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्या हाय. आलोय."

हसू थांबलं. ड्रायव्हरलाही घर होतंच की. डोक्यावरचा टॉवेल सारखा करत तो स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उशीर केलाव. आत या." परात बाजूला झाली. मग मागून एकजण ओरडला, "आरं, आदी पाय धुवा म्हन की!" आणि पुन्हा जे हसू फुटलं, ते आवरेना. त्या दिवशी भाकरी झाल्याच नाहीत. प्रत्येकाला घरी जायचं होतं. शिपायाला शेवटी सासरा व्हावं लागलं.

सुटकेच्या सकाळी मी मुद्दाम गेले. त्याची खरी बायको फाटकासमोर उभी होती, ठेंगणीशी, हिरव्या लुगड्यातली, काखेत पिशवी. हा बाहेर आला आणि पाठ केलेलं सगळं विसरून खांबासारखा उभा राहिला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चपला कुटायत?"

त्यानं पायांकडं बघितलं. "आतच ऱ्हायल्या. जाऊन आनू का?"

"खबरदार आत पाय ठिवलाव तर!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की रिक्षावाले वळून बघायला लागले. मग तिला हसू आलं, त्यालाही आलं, आणि तो तसाच अनवाणी तिच्यामागं रिक्षात चढला.

तो मेहकरला राहिला नाही. मेलेल्या माणसाची आई गावात आहे. तिच्या डोळ्यांपुढं हिंडायचं नाही म्हणाला, भालकीत खोली घेतली. लग्नाच्या जेवणाचे ठेके घेणाऱ्या एका बाईकडं काम मागायला गेला. इतकी वर्षं कुठं होतास, हे विचारणारच, म्हणून आम्ही थोडक्यात आणि खरं उत्तर बसवलं होतं. ते त्यानं दिलं. "जेलात. माज्या हातानं मानूस मेला. सैपाक तिथं शिकलो." तो सांगतो, बाई म्हणाली, "वांगी हायत तिकडं. भरून दाव."

परवा खजुरी गावातल्या एका लग्नात त्यानं मला बोलावलं होतं. मोठ्या कढईपाशी तो, भाकरीच्या चुलीवर त्याची बायको. मला पाटावर बसवलं आणि जेवण होईपर्यंत समोरून हलला नाही.

"म्याडम, मीठ?"

"वांग्यात जरा कमी आहे."

त्याचा चेहरा एवढा खुलला! "आता बरं वाटलं. सकाळपासून सगळे छान हाय, छान हाय म्हनायलेत. भेवच वाटायलं हुतं." पलीकडून बायको म्हणाली, "म्या सांगितलं हुतं की मीठ कमी हाय. माजं कोन ऐकतंय?"

अप्पा, लोक मला म्हणतात, किती मोठं काम करायलीस. मी मान हलवते, थोडी दमल्यासारखीही दिसते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पोरं बंगळुरात आहेत, यांचं आणि माझं बोलणं औषधाच्या वेळेपुरतं असतं. रविवारपासूनच मी मंगळवारची वाट बघायला लागते. मी त्या खोलीत जाते ती तिथं पोटभर हसायला मिळतं म्हणून.