खंडेनवमीचा ओला हार

ती. बिराप्पामामांस, विश्रामबागेतून समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा हाय? मामींची कंबर, आणि ती लंगडी मेंढी? (मामींची चौकशी मेंढीच्या आधी केलीय, तेवढं त्यांना वाचून दाखवा.) फोन का केला न्हाई म्हणाल, तर मी अवघड बोलायला लागले की तुमी फोन मामींच्या हातात देता.

रविवारी मला बघायला पाहुणे येणार, हे ठाऊक हाय. त्याबद्दलच लिहायला बसले, पण आधी इथं काय झालं ते ऐका, म्हणजे पुढचं राग न धरता वाचाल.

आमच्या प्रयोगशाळेत टीएचएफ नावाचं द्रावक लागतं. दिसायला पाण्यागत, पण त्यात पाण्याचा टिपूस चालत न्हाई. असला तर माझ्या प्रबंधातली शेवटची क्रिया रुसून बसते. म्हणून ते सोडियमच्या तारेवर, नायट्रोजनच्या फुग्याखाली, उकळत ठेवायचं. बरोबर एक पूड घालायची. पाणी पुरतं गेलं की सगळं निळं होतं. आमी टँकरमागं पळतोय आन् आमची पोरगी पाणी घालवायचं शिकतीय, म्हणून तुमी हसला होता. खरंच हाय ते. पण मामा, तो निळा रंग तुमी बघायला पायजे. भादव्यात ढग न्हाई म्हणून आपल्या माळावरच्या ज्या आभाळाला तुमी शिव्या घालता, तेच आभाळ काचेच्या चंबूत उतरलेलं असतं. मी बघत बसते आणि मला आपल्या मेंढरांच्या घंटा ऐकू येतात (सर म्हणतात, पंपाचं बेअरिंग गेलंय).

तर खंडेनवमी. तुमी कातर पूजता, तशी आमी यंत्रं पूजतो. हे द्रावक भडकन पेट घेतं म्हणून निरांजन बाहेर व्हरांड्यात, चंबूखालची शेगडी बंद. हळदीकुंकू, झेंडू, सगळं रीतसर चाललं होतं. फुलांचं काम शेजारच्या टेबलावर संशोधन करणाऱ्या तानाजीकडं. हा पाटणकडच्या धो धो पावसाच्या डोंगरातला. आपल्याकडं पूजेत आंब्याचं पान पाण्याला नुसतं टेकवतात आणि देव तेवढ्यावर भागवून घेतो. यानं हार टवटवीत राहावा म्हणून अख्खा बादलीत बुडवला, आणि निथळत असताना माझ्या चंबूच्या मानेत घातला. लय मनापासून घातला, नमस्कारही केला. आमी बाहेर पेढे खात होतो, तेवढ्यात हाराच्या भारानं फुगा निसटला, दमट हवा आत गेली आणि माझं आभाळ पांढरंफटक पडलं. पाणीच आत गेलं असतं तर आग लागली असती. एवढा मोठा बाप्या, पण त्याला मी असं फैलावर घेतलं की सरसुद्धा पेढा हातात धरून उभे राहिले.

त्यानं जुनं सोडियम रीतीनं निकामी करायला मदत केली, नवं द्रावक भरलं, आणि निळं यायची वाट बघत समोर बसला. वाट बघताना काहीतरी बोलावंच लागतं. त्यांच्याकडं म्हणे पावसाळ्यात कपडे चुलीवर वाळवतात तरी ओलेच अंगात घालतात, आणि धुक्यात म्हशी दिसत न्हाईत, नुसता रवंथ ऐकू येतो. मी त्याला आपल्या कोरड्या ओढ्याचं सांगितलं. बोलता बोलता चंबूकडं बघायचंच राहून गेलं. किती वेळ, ते कळलं न्हाई. बघितलं तर चंबू निळा झालेला होता.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची लाडकी भाची,
समीक्षा

ता.क. – उकळतं द्रावक सोडून रविवारी येता येत न्हाई, असं पाहुण्यांना कळवा.

ता.क. २ – खरं म्हणजे काल माझी क्रियाही झाली आणि शेगडीही बंद हाय. मामा, मला त्या पाहुण्यांपुढं बसायचं न्हाई. आईला तुमीच समजावू शकता.

ता.क. ३ – दिवाळीनंतर तुमी मेंढरं घेऊन कराडकडं उतरता, तिथनं पाटण जवळ हाय. तानाजीच्या घरी सहज म्हणून जाऊन या. माणसं आपल्यातलीच, पण म्हशीवाली, तेवढं पोटात घाला. गेल्यागेल्या तांब्या काठोकाठ भरून देतील. दोन घोट पिऊन उरलेलं अंगणात ओतायची तिथं पद्धत हाय. तुमी ओतू नका, सगळं प्या. पोरगी कुठल्या मुलखातली, ते त्यांना तिथंच कळू द्या.