प्रेम चॅनेल, संध्याकाळी सात

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की लिहून ठेवावं.
माझ्या तिन्ही चॅनेलना हिरवा कंदील मिळाला. रहस्य, हास्य आणि प्रेम. ज्याचं त्याचं वेगळं दुकान. साहेबांनी विचारलं, सगळं जग हवं तेव्हा हवं ते मोबाइलवर बघतंय, तर आपलं चॅनेल लावणार कोण. मी म्हटलं, माणसाला काय बघायचंय हे त्याचं त्याला कधीच कळत नाही, ते आपण ठरवून द्यायचं असतं. मी आयुष्यभर हेच करत आलोय. साहेबांनी फाइल मिटली. पटलं असणार.
ता. क. बायको तिच्या भावाकडे गेली आहे. चार दिवस. हवापालट.

५ फेब्रुवारी
घर शांत. कामाला उत्तम.
फ्रिजवर मी लावलेला घरचा चार्ट तसाच आहे. चहा साडेसहा. फिरणे सात. गप्पा साडेआठ ते नऊ. जाताना हिने गप्पांच्या रकान्याभोवती पेनाने गोल काढलाय. तिचा आवडता स्लॉट असणार. साडेआठला मला नेमके ऑफिसचे फोन येतात, पण ती समजूतदार. शेजारी बसून मटार सोलायची.

९ फेब्रुवारी
शत्रूचा अभ्यास सुरू केला. घरी स्ट्रीमिंगचं ॲप आहे, लेकीने घेऊन दिलेलं. त्यात आमच्या दोन खात्यांची दोन चित्रं. टोपीवाला मी, मांजर ही. मांजर दाबून बघितलं. निव्वळ संशोधन.
आम्ही दोघं एक मालिका बघत होतो. दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींची. पाचव्या भागाच्या मध्यावर मला फोन आला आणि ती राहिली. अजून तिथेच आहे. हिने पुढे बघितलेली नाही. माझ्यासाठी थांबलीय.
आज जेवण गेलं.

१६ फेब्रुवारी
लेकीचा फोन. बाबा, आईशी बोललात का, म्हणाली. मी तिला सेट-टॉप बॉक्सवरचे आपले नंबर सांगितले. प्रेमला ८१४ मिळालाय. अलीकडे दुर्बिणी विकणारं चॅनेल, पलीकडे हवामान. येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दळ राहणार.
लेक म्हणाली, आईचं कपाट उघडून बघा.
बघितलं. स्वेटर नेलेत आणि सुती कपडेही नेलेत. ही पहिल्यापासूनच जास्तीचं सामान घेणारी.

२० फेब्रुवारी
शुभारंभाचा सिनेमा ठरला. लग्न ठरल्यावर आम्ही दोघांनी पहिल्यांदा बघितला तोच. शेवटी नायक फलाटावर उभा राहतो आणि गाडी निघून जाते. ही पूर्ण वेळ रुमालाने डोळे टिपत होती. तेव्हाच मी ठरवलं होतं की ही बाई आपली. एवढं मन कुणाचं असतं?
१ मार्च, संध्याकाळी सात. ती भावाकडे बघेल, मी इथे बघेन. एकाच मिनिटाला एकच दृश्य. हे कुठल्या ॲपला जमणार आहे?
हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

२४ फेब्रुवारी
प्रोमोला आवाज मीच दिला. "सात वाजता. मी तिथेच आहे." आमची रिसर्चवाली म्हणाली की प्रेक्षकाला हे कोण बोलतंय ते कळणार नाही. मी म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चहा आणून दिला. चहात साखर नव्हती. घरी ही किती घालते ते मी कधी विचारलंच नाही, त्यामुळे सांगता आलं नाही.

१ मार्च, सायंकाळ ५
हिला फोन केला. पहिल्यांदाच. आपण काही रागावून बसलेलो नाही हे कळावं म्हणून. मेहुण्याने उचलला. मी म्हटलं, आज सातला टीव्ही लावा, ८१४. तो म्हणाला, दाजी, आमच्याकडे केबल काढून टाकून जमाना झाला. आणि ताई सातला घरी नसते, पोहायला जाते.
पोहायला. हिला पाण्याची भीती आहे. निदान नाही असं तिने मला कधी सांगितलेलं नाही.

१ मार्च, रात्री ९:३०
सिनेमा संपला. प्रत उत्तम होती. मी एकट्याने बघितला.

२ मार्च
लेकीला सगळं सांगितलं, सिनेमाचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, आईला तो सिनेमा कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी तिचे डोळे आले होते. ती थिएटरात नको म्हणत होती, तुम्ही तिकिटं आधीच काढून ठेवली होती.
लेक तेव्हा जन्मली नव्हती. ऐकीव माहिती.

९ मार्च
रेटिंग आलं. रहस्य बरं. हास्य कसंबसं. प्रेमबद्दल रिसर्चवालीने सांगितलं की आकडा मोजता येण्याइतका नाही. म्हणजे मोजमापाच्या पलीकडे. साहेबांना तसंच कळवलं.
निश्चय: सात वाजताचा सिनेमा रात्री दहा वाजता परत दाखवायचा. पोहून घरी यायला वेळ लागतो. केबलचं मेहुण्याशी बोलू.

१५ मार्च
मांजर उघडलं. मालिका सहाव्या भागावर गेलीय. आपोआप गेली असणार. एक भाग संपला की न विचारता दुसरा सुरू होतो, ही या ॲपची खोडच आहे.

१९ मार्च
आठवा भागही संपला. शेवटचा होता.
ती आल्यावर मला गोष्ट सांगेल. गप्पांना विषय झाला. साडेआठचे फोन बंद करायचे ठरवलंय. ऑफिसात सांगूनही टाकलं. ते म्हणाले, हल्ली त्या वेळी तुम्हाला कुणी फोन करतच नाही.
आज मटार आणले. सोलले. फार एकटं वाटलं. शेंगा कुणासमोर सोलायच्या असतात हे मला माहीत नव्हतं.

२५ मार्च
ही येऊन गेली. मी ऑफिसात असताना आली. माझा दिवसभराचा चार्ट तिला पाठ आहे. तिची उशी नेली आणि मटार फ्रिजमध्ये नीट डब्यात भरून ठेवले. चार्टवर गप्पांच्या रकान्याखाली लिहिलंय: तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटेल म्हणून खूप वर्षं थांबले.
काय विचारावंसं, ते लिहिलेलं नाही. फोन लावला. लागला, पण मला बोलता आलं नाही. ती हॅलो हॅलो म्हणाली, मग माझं नाव घेतलं, आणि मी ठेवून दिला.

२८ मार्च
प्रेम बंद. ८१४वर आता स्वयंपाकघरातल्या सुऱ्या विकणार. रहस्य आणि हास्य साहेब दुसऱ्याकडे देतायत. मला विश्रांती घ्यायला सांगितलंय. मी म्हटलं, किती वाजता. साहेब हसले. मी विनोद केलेला नव्हता.

३० मार्च, संध्याकाळ ७
विचार केला, ती मालिका बघून टाकू. पाचव्या भागाच्या मध्यापासून. शेवट ठाऊक असला तर फोनवर तेवढं तरी बोलता येईल.
ॲप उघडलं. ते आधी नेहमीच विचारतं: कोण बघतंय?
मांजर नव्हतं. तिने नवीन खातं घेतलं असणार.
खाली एकटा टोपीवाला होता. तोच दाबला.